आप्पांचं मनोगत

एका आठवड्यात दोन सिनेमे बघणं माझ्या वयाला आणि माझ्या गुडघ्यांना झेपणारं नाही. एरवी वर्षातून एखादा होतो, तोही टीव्हीवर, तोही भाजी निवडताना. त्या आठवड्यात मात्र एक शिरूरला बघितला आणि एक दौंडला, आणि त्यानंतर जी दमले ती अजून दमलेलीच आहे. स्टाफरूममध्ये विचारतात, "बाई, तब्येत बरी नाही का?" मी एसटीला दोष देते, दहावीच्या वह्यांना देते, उसाच्या ट्रॅक्टरांना देते. ही तिन्ही कारणं खरी आहेत. पण मी दमले ती त्यांनी नाही.

मी शिरूरला एका हायस्कुलात मराठी शिकवते, तीस वर्षं होत आली. माझे वडील, आप्पा, दौंडला माझ्या भावाकडे असतात. आमचं मूळ गाव खुटबाव. जमीन थोडी आणि वाटेकरी फार, म्हणून आप्पा विशीतच रेल्वेत लागले. कोळशाच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे उभ्यानं फावड्यानं भट्टीत कोळसा टाकत राहायचं. ती इंजिनं गेली तशी यार्डात शंटर झाले, डबे जोडायचे आणि तोडायचे. निवृत्त झाले त्यालाही आता वीस वर्षं होतील. आई जाऊन बारा झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी न्हावरा, चौफुला करत दौंड गाठते आणि रविवारी संध्याकाळी परत फिरते. कारखाने चालू असले की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि गाडी त्यांच्या मागं मुंगीच्या पावलानं जाते. आधी या प्रवासात मी पेपर तपासायची. आता खिडकीला डोकं टेकून नुसती बसते.

पहिला सिनेमा बुधवारी दुपारी, शाळेला सुट्टी होती म्हणून. स्टाफमधल्या आम्ही पाच बायका गेलो होतो. थिएटर अर्धं रिकामं, पंखे आवाज करणारे, मागच्या रांगेत कुणीतरी घरून आणलेले शेंगदाणे सोलत होतं. सिनेमा एका पिठाच्या गिरणीवाल्या म्हाताऱ्याचा होता. घडत काहीच नव्हतं. म्हातारा सकाळी गिरणी उघडतो, दळतो, बंद करतो, मुलीला फोन करतो आणि काही न बोलता ठेवून देतो. पहिला तासभर मी मनात पैसे वाया गेले म्हणत होते. आमच्या गणिताच्या बाई तर घोरायला लागल्या.

मग मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. मुलगी माहेरी आलेली असते. म्हातारा गिरणीच्या पायरीवर बसून तिला तिची आई गेली त्या दिवसाचं सांगतो. सरळ सांगत नाही. दळण कुणाचं होतं इथून सुरू करतो, मग त्या माणसाची म्हैस, मग खोकतो, मग "काय सांगत व्हतो म्या?" असं विचारतो, मग पुन्हा म्हैस. कॅमेरा हलत नाही, मुलगी हलत नाही. आणि मरण कुठं आलं ते कळायच्या आत ते येऊन गेलेलं असतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. गणिताच्या बाईही उठून बसल्या आणि पदराला नाक पुसू लागल्या. बाहेर आल्यावर रसवंतीवर उभी राहून मी चौघींना भाषण दिलं. किती खरं बोलला तो माणूस, म्हटलं, असं अडखळत, भरकटत सांगणं ज्याला सुचलं तो मोठा लेखक. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या चालीनं सांगू द्यावं लागतं, हे किती जणांना कळतं? असं मीच बोलले. हातात रसाचा ग्लास धरून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण तेव्हा मला त्याचा पत्ताच नव्हता. मला रविवारची घाई होती, कारण रविवारी दौंडला दुसरा सिनेमा होता आणि त्यात आप्पा होते.

त्याचं असं झालं होतं. वर्षापूर्वी पुण्याची एक मुलगी दौंडला आली. कोळशाच्या इंजिनांचा काळ आणि त्या इंजिनांवर राबलेली माणसं, यावर तिला माहितीपट करायचा होता. जुनी माणसं शोधत शोधत ती आधी आमच्या गल्लीतल्या चाचांकडं गेली आणि चाचांनी तिला आप्पांकडं पाठवलं. चाचा म्हणजे आप्पांचे दोस्त, लोकोशेडमध्ये इंजिनं दुरुस्त करणारे फिटर होते. तीन पिढ्या दौंडमध्येच, त्यांच्या घरचा शीरखुर्मा आणि आमच्या घरच्या पुरणपोळ्या लहानपणापासून भिंतीवरून अदलाबदल होत आलेल्या. आप्पा आधी नको म्हणाले. "माझं काय बघनार लोकं? कोळसाच तर टाकायचो." पण मनातून खूश होते. त्या शनिवारी मी गेले तर दाढी गुळगुळीत.

आता आमच्याकडं माणसासमोर कॅमेरा आला की तो कार्यक्रम असतो. कार्यक्रम म्हटला की फेटा आला, शाल आली, नारळ आला, मांडवाच्या लाल खुर्च्या आल्या. भावानं फ्लेक्स छापून आणला. त्यावर आप्पांचा फोटो, खाली 'रेल्वेचा चालता-बोलता इतिहास', आणि कोपऱ्यात आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, कारण फ्लेक्सचा खर्च त्यानं केला होता. वहिनीनं वीस माणसांचा स्वयंपाक केला. शूटिंगवाले तिघंच होते.

आणि मी? मराठीची बाई घरात असताना आप्पांनी असंच तोंडाला येईल ते बोलायचं म्हणजे माझ्या नोकरीला काळिमा. मी तीन संध्याकाळी बसून चार फुलस्केप पानांचं मनोगत लिहिलं. 'सन्माननीय उपस्थितांना माझा सविनय नमस्कार' इथपासून 'लोहमार्ग ही राष्ट्राची रक्तवाहिनी होय' इथपर्यंत. आप्पा सातवी शिकलेले, वाचता चांगलं येतं. त्यांनी ते पाठ करायला घेतलं. अंगणात येरझाऱ्या घालत, ओठ हलवत. मला आठवतं, 'रक्तवाहिनी'पाशी ते हमखास थांबायचे आणि माझ्याकडं बघायचे, आणि मी मान हलवली की पुढं जायचे. मला कौतुक वाटत होतं. त्यांचं की माझं, हे आता सांगता येत नाही.

ती मुलगी फाटकातून आत आली आणि फ्लेक्स बघून जागच्या जागी उभी राहिली. मग फार गोड आवाजात म्हणाली, "आप्पा, तुम्ही रोज कुठं बसता? तिथंच बसा ना. साधे कपडे चालतील." भावाला ते लागलं. बनियनवर बसवून बापाची शोभा करायची काय, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला, आणि मला ते पटलं. आप्पांना फेट्यात, लाल खुर्चीत, फ्लेक्सपुढं बसवलं. गल्लीतली माणसं मागं उभी. आप्पांनी मनोगत म्हटलं. कागद हातात होता, तरी दोन ठिकाणी अडले, तिथं मी कॅमेऱ्याच्या बाजूनं पुढचा शब्द दिला. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती मुलगी अजून काहीतरी विचारत होती, मी आत ताटं वाढायला मदत करत होते, मधून बाहेर येत होते, एवढंच माझ्या लक्षात आहे. जाताना आम्ही तिचाही नारळ देऊन सत्कार केला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, म्हणजे संस्कार चांगले असणार.

पाच महिन्यांनी आप्पांना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुण्याला हलवलं, जीव वाचला, पाय थोडा परत आला. वाचा आली नाही. 'आ' आणि 'हं' एवढे दोनच आवाज राहिले. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. ज्या माणसानं जन्मभर सगळ्या आळीला रोज सकाळी हाका मारून उठवलं, तो आता पाणी हवं असलं तर पेल्याकडं बघतो. घरी कुणाकडं त्यांचा आवाज नाही. फोनमध्ये शेकडो व्हिडिओ आहेत, वाढदिवसाचे, लग्नांचे, आणि सगळ्यांत आप्पा कडेला बसलेले, गप्प, आणि वरून गाणी. माझ्याशी फोनवर ते दोनच वाक्यं बोलायचे, "जेवलीस का बाई?" आणि "ठिव आता." मी शाळेत बाई म्हणून तेही मला बाईच म्हणायचे, चिडवायला. ती दोन वाक्यं रेकॉर्ड करून ठेवावीत असं कुणाच्या डोक्यात येतं?

म्हणून त्या सिनेमाची मी वाट बघत होते. इतिहासाशी मला देणंघेणं नव्हतं. मला माझ्या बापाचा आवाज ऐकायचा होता, बस.

रविवारी सकाळी दौंडच्या एका हॉलमध्ये तो दाखवला. आप्पांना भावानं गाडीतून आणलं, चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. निवृत्त रेल्वेवाले पुष्कळ जमले होते, एकमेकांना खांद्यावर थापा मारत होते. सिनेमा सुरू झाला. जुने फोटो, जुने नकाशे, कुठून कुठं लाईन टाकली, पूल कसे बांधले, खडी कुणी फोडली. चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण मी दर माणसागणिक पुढं सरकून बसत होते. आता आप्पा, आता आप्पा.

आधी चाचा आले. स्वतःच्या ओट्यावर, लुंगी आणि बनियन, हातात चहाची बशी. चाचा बोलले ते असे, की आधी त्यांनी इंजिनाला शिवी दिली, मग साहेबाला दिली, मग म्हणाले, "इंजन म्हंजी बाई-मानूस नसतं हां, इंजन म्हंजी सासू. पानी द्या, कोळसा द्या, तरी फुसफुसनारच." हॉल हसून लोळला. मग ते बॉयलरमध्ये भाजलेल्या एका साथीदाराचं सांगू लागले, आणि सांगता सांगता बशीतला चहा तसाच गार झाला आणि त्यांनी तो झाडाला ओतला. चाचा पुन्हा आले, पुन्हा आले. निम्मा सिनेमा चाचांचा होता.

आणि आप्पा? आप्पा आले शेवटाकडं. मनोगत संपून माणसं पांगल्यावरचं असावं. अंगणातल्या नळावर, बनियनवर, फेटा काढून झालेला, कपाळावर फेट्याचा लाल वळ. वाकून तोंड धुतात, हात पुसतात, यार्डाच्या दिशेला बघतात. दहा-बारा सेकंद. वरून आवाज चाचांचा. मग इंजिनाचा एक जुना फोटो आला आणि सिनेमा संपला.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी आप्पांकडं बघितलं. ते डाव्या हातानं मांडीवर थापटी मारत होते, टाळीच्या ऐवजी. चाचा धावत आले, आप्पांचा हात धरून रडायला लागले. "अरे यार, माझ्यापेक्षा तुलाच जास्त म्हाईत व्हतं रे. इंजनावर तू व्हता, म्या तर शेडमधीच." आप्पा त्यांना 'हं, हं' करत होते. मला त्या क्षणी चाचांचाही राग आला, ज्यांच्या घरचं खाऊन मी वाढले त्यांचा. इतकी मी खाली गेले होते.

त्या मुलीला मी जिन्यात गाठलं. आवाज चढलाच. माझ्या वडिलांना का कापलं, म्हटलं, तो माणूस आता कधी बोलणार नाही, तुम्हाला माहीत होतं ना? तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला. जिन्याच्या कठड्याला हात टेकून ती म्हणाली, "ताई, ते भाषण होतं. मी खूप प्रयत्न केला, पण त्यात मला ते दिसेनात. नळावरचे दिसले." मग म्हणाली, "सगळं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. पाठवते."

बुधवारी रसवंतीपाशी केलेलं भाषण मला तिथं जिन्यात आठवलं. कुणीतरी थोबाडीत मारावी आणि आपण 'बरोबर आहे' म्हणावं, तसं झालं.

पेन ड्राइव्ह आठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर आला. मी तो शाळेत लावला नाही. शनिवारपर्यंत पर्समध्ये ठेवला आणि दौंडला नेला. दुपारची वेळ, भाऊ बाहेर गेलेला, वहिनी आत दाणे निवडत होती. आप्पांची खाट टीव्हीसमोरच असते. उशा लावून त्यांना बसतं केलं, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि खाली चटईवर बसले.

पडद्यावर फेटेवाले आप्पा आले. 'सन्माननीय उपस्थितांना माझा सविनय नमस्कार.' आवाज त्यांचाच होता. इतके महिने ज्यासाठी कान आसुसले होते तोच. पण शब्द सगळे माझे. पान एक, पान दोन. मी दहावीच्या निबंधांना जे शेरे मारते ते सगळे मला आठवत होते. कृत्रिम. पाठांतर. स्वतःचा अनुभव नाही. रक्तवाहिनी आली. पडद्यावरच्या आप्पांनी थांबून कॅमेऱ्याच्या बाजूला बघितलं, म्हणजे माझ्याकडं, आणि पुढं गेले. टाळ्या झाल्या.

मग त्या मुलीचा आवाज आला. "आप्पा, आता कागद राहू द्या. मला सांगा, इंजिनावर असताना सगळ्यात जास्त भीती कधी वाटली तुम्हाला?"

आप्पांनी कागद खाली घेतला. कागदाची घडी केली. खुर्चीत जरा पुढं सरकले, आणि चेहराच बदलला. "भीती व्हय?" म्हणाले. "एकदाच वाटली बगा. ही आमची बाई तवा आईच्या पोटात व्हती. दिवस भरत आलेले. आन् म्या मनमाडच्या लायनीला, गाडीवर. तर काय झालं..."

"आप्पा, ते नको. कागदावरचं बोला."

तो आवाज माझा होता. दारातून, घाईचा, वर्गात बोलते तसा. पडद्यावर आप्पांनी आवाजाकडं बघितलं, "बरं" म्हणाले, आणि घडी उलगडून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ताटं घेऊन बाहेर आले असेन, चार माणसांत पोटातलं-बिटातलं काय बोलतात म्हणून वाटलं असेल. मी पुन्हा मागं नेऊन ऐकलं. तेवढंच होतं. पुढं पुन्हा सगळं मनोगत आणि मग नळ. नंतर मी चाचांना विचारलं, खुटबावच्या चुलत्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. आई असती तर तिला माहीत असतं.

त्या दुपारी मी टीव्ही बंद केला. वर बघायची लाज वाटत होती, पण बघितलं. आप्पा माझ्याकडंच बघत होते. रागावलेले नव्हते, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. मी चटईवरून उठून खाटेवर त्यांच्या डाव्या अंगाला बसले आणि विचारलं, "आप्पा, मग पुढं काय झालं?"

आप्पांनी डावा हात उचलला. 'आ' म्हणाले. हातानं काहीतरी लांबचं दाखवलं, मग मूठ वळून फावडं मारलं, दोनदा, तीनदा. मग 'हं, हं' भरभर. मग हात स्वतःच्या पोटावर ठेवला, म्हणजे आई, किंवा मी. मध्येच थांबले, मागं गेले, पुन्हा फावडं मारलं. एका जागी त्यांचे डोळे भरले आणि एका जागी ते चक्क हसले, खांदा हलवून. वहिनी चहा घेऊन दारात आली, तिला मी हातानंच थांबवलं. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही, आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही.